घरच्या वाग्यू स्टेकचे माप

आपण लिहिले आहे की, टोकियोला आल्यानंतरच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी दोघांसाठी ए-५ वाग्यूचे, म्हणजे खास जपानी जातींच्या गुरांच्या मांसाचे, प्रत्येकी २०० ग्रॅमचे दोन सरलॉइन (कमरेकडच्या भागाचे) स्टेक आणले, अमेरिकन व्हिडिओत दाखवतात तसे भरपूर लोणी घालून भाजले आणि शेवटी त्यावरच सोया सॉस व मिरिन (स्वयंपाकात वापरतात ती तांदळाची गोड दारू) ओतले. सॉस करपला, मांस तेलकट लागले आणि निम्मे पानातच राहिले. मी इथे आलो त्या पहिल्या वर्षी मीही अगदी हेच केले होते, फक्त माझे तुकडे ३०० ग्रॅमचे होते आणि धुराने घरातला अलार्म वाजल्यामुळे शेजारच्या आजी दारात आल्या होत्या.

ए-५ या शिक्क्याचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. त्यातले अक्षर जनावराच्या धडातून किती मांस निघते हे सांगते, म्हणजे त्याचा आपल्या जिभेशी काहीही संबंध नाही. अंक दर्जाचा असतो आणि त्यात मांसात विणल्या गेलेल्या चरबीच्या जाळीला फार महत्त्व आहे: या जाळीची मोजणी १ ते १२ अशी होते आणि ५ हा अंक मिळण्यासाठी ती किमान ८ असावी लागते. या जाळीला जपानीत शिमोफुरी, म्हणजे हिमकण पडल्यासारखे, असे म्हणतात. इतकी चरबी असलेल्या मांसाला वरून लोणी लावणे म्हणजे पुरणपोळीवर पाक ओतण्यासारखे आहे. असे मांस माणशी ७०-८० ग्रॅम पुरे होते. जपानी घरात स्टेक बहुधा कापूनच वाढतात, कारण तो चॉपस्टिक्सने गरम भाताबरोबर खायचा असतो. एका घासाला एक तुकडा आणि मग दोन घास भात, हे प्रमाण मनात धरले की किती आणायचे हे आपोआप ठरते.

आता कृती. दीड सेंटीमीटर जाडीचा तुकडा घ्यावा, फ्रीजमधून पंधरा-वीस मिनिटेच आधी बाहेर काढावा, कारण ही चरबी लवकर मऊ पडते. कागदाने कोरडा करावा, कडेची चरबी आणि मांस यांच्यामधली शीर सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी छेदावी, नाहीतर तुकडा तव्यावर वाटीसारखा वळतो. मीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणीच लावावे. लसणाच्या चकत्या मधला हिरवा कोंब काढून थंड तेलात घालाव्यात आणि मंद आचेवर तळून फिकट सोनेरी असतानाच बाहेर काढाव्यात. बाहेर आल्यावरही त्यांचा रंग चढत राहतो. ते तेल काढून ठेवून, मांसाच्या काउंटरवर बऱ्याचदा फुकट मिळणारा चरबीचा पांढरा खडा, म्हणजे ग्यूशी, तापल्या तव्यावर फिरवावा. मग स्टेक एका बाजूने साधारण एक मिनिट, दुसऱ्या बाजूने त्याहून थोडा कमी, आणि लगेच फॉइलमध्ये गुंडाळून तीन मिनिटे बाजूला. कापताना सुरी तंतूंच्या आडवी चालवावी.

सॉस मांसावर कधीही ओतू नये. मिरिनमध्ये साखर पुष्कळ असते, त्यामुळे तापल्या तव्यात ते आधी करपते. तव्यातली चरबी एका वाटीत ओतून घ्यावी, आच कमी करावी, दोन-दोन चमचे साके (तांदळाची दारू) आणि मिरिन उकळून मद्याचा वास जाऊ द्यावा आणि मग दोन चमचे सोया सॉस घालून गॅस बंद करावा. वर पांढऱ्या मुळ्याचा कीस ठेवावा. कोशिंबिरीसाठी पिळतो तितका कोरडा पिळू नये, हातात धरल्यावर थेंब गळायचा थांबेल इतपतच पुरे. वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवी जपानी चटणी, हीही संकोच न करता घ्यावी. चरबीबरोबर तिचा झणका बराच ओसरतो.

रोजच्यासाठी मात्र वाग्यूच्या मागे लागण्याचे कारण नाही. लेबलवर कोकुसान-ग्यू लिहिलेले मांस जपानमध्ये वाढवलेल्या कोणत्याही जातीच्या गुरांचे असू शकते, तर वाग्यू म्हणजे ठरावीक चार जाती आणि त्यांच्यातील संकर. मी बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियन रंपच (मागच्या भागाचे मांस) आणतो आणि त्याला शारिआपिन पद्धत लावतो. १९३६ साली रशियन गायक फ्योदोर शाल्यापिन (जपानी उच्चारात शारिआपिन) जपानच्या दौऱ्यावर असताना त्यांना दातदुखीने हैराण केले होते, तेव्हा टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलमध्ये त्यांच्यासाठी हा मऊ स्टेक तयार झाला. मांस ठेचून पातळ करायचे, किसलेल्या कांद्यात अर्धा-पाऊण तास ठेवायचे, कांदा निपटून भाजायचे आणि लोण्यात बदामी परतलेला चिरलेला कांदा वर पसरायचा. इथे लोणी शोभते, कारण या मांसात चरबी फारशी नसते. फक्त एक खबरदारी घ्यावी: स्वस्त मांसावर चरबी टोचून भरल्याची किंवा तुकडे जोडल्याची सूचना असेल, तर ते आतपर्यंत पूर्ण शिजवावे, अर्धेकच्चे ठेवू नये.

आपला उरलेला स्टेक रात्रीच फ्रीजमध्ये ठेवला असेल, तर तो बारीक चिरावा, वाटीतल्या चरबीत लसूण परतून त्यात शिळा भात आणि कडेने सोया सॉसची एक धार सोडावी, आणि मांस अगदी शेवटी घालून चांगले गरम करावे. तेप्पान्याकीच्या, म्हणजे गिऱ्हाइकासमोर तापल्या लोखंडी पत्र्यावर भाजून देणाऱ्या, हॉटेलांतही जेवणाच्या शेवटी हाच लसूणभात करून वाढतात.