अरुण खेत्रपाल : एकवीस वर्षांचे आयुष्य

प्रश्न : परमवीरचक्र विजेते अरुण खेत्रपाल यांचा रणांगणातील शेवट सर्वांना ठाऊक आहे, त्याआधीच्या आयुष्याविषयी सांगाल का?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचे समाधान वाटते, कारण हुतात्म्याचे स्मरण बहुधा त्याच्या अखेरच्या दिवसापुरतेच उरते. खेत्रपाल यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1950 रोजी पुण्यात झाला. वडील लष्कराच्या अभियंता दलात अधिकारी होते. सनावरच्या शाळेनंतर ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आले, आणि जून 1971 मध्ये पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चालू असतानाच पाकिस्तानशी युद्धाची चाहूल लागली आणि ते रेजिमेंटकडे परतले. म्हणजे हाती घेतलेले शिक्षणही पुरे झालेले नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. 16 डिसेंबरला, ज्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीपत्रावर सह्या झाल्या त्याच दिवशी, शकरगढ भागातील बसंतरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला. बाहेर पडण्याचा आदेश मिळूनही, तोफ अजून चालते आहे असे कळवून ते लढत राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. प्रबोधिनीच्या संचलन मैदानाला आज त्यांचेच नाव आहे.