पाच-सहा साइट काढून एकमेकींना लिंक दिल्या तर गूगलवर वर येता येतं का?

नाही, आता तो पैसा पाण्यात. एप्रिल २०१२ मध्ये गूगलनं पेंग्विन अपडेट, म्हणजे बनावट लिंका पकडणारा बदल, आणला तेव्हाच हा खेळ बसला. २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचाच, म्हणजे साइटचा क्रम ठरवणाऱ्या पद्धतीचाच, भाग आहे आणि असल्या लिंका बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत. शिक्षा दिसत नाही, फायदाही नाही. माणूस मात्र दरवर्षी डोमेनचे पैसे भरत राहतो.

लातूरच्या ओळखीतल्या एका डाळवाल्यानं असेच सहा ब्लॉग काढून घेतले होते. सगळीकडे तोच मजकूर, 'लातूर तूरडाळ होलसेल' या शब्दांवरच लिंक, खाली फोन नंबरही एकच! गूगलचं सोडा, त्याच्या पुतण्यानंच पाच मिनिटांत ओळखलं.

जोडणी करायचीच तर आपल्याच साइटच्या आत करा. ती आजही चालते. तूरडाळीच्या पानावरून हरभरा डाळीला, बाजारभावाच्या पानाला लिंक द्या. लिंकवर 'इथे क्लिक करा' नको, 'फटका तूरडाळीचे आजचे भाव' असं लिहा. ज्या पानाला कुठूनच लिंक नाही, ते गूगलला सापडणंही अवघड.

खरोखरच दोन वेगळे धंदे असतील, तर एकमेकांची एखादी लिंक दिली म्हणून काही बिघडत नाही.