आउटसोर्सिंगमुळे तिकडच्यांच्या नोकऱ्या गेल्या, आता आपल्या जाणार का?

प्रश्न साखळीच्या एका गृहस्थांचा आहे. मुलगी फर्मागुडीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि टीव्हीवर रोज ऐकतात की अमेरिका आउटसोर्सिंग, म्हणजे आपलं काम बाहेरच्यांना करायला देणं, बंद करणार, उरलेलं एआय खाणार. मग तिने या लाइनीत राहावं का आणि गोव्यात राहून जमेल का?

मी डिचोलीचा, म्हणजे तुमचा शेजारीच. 2010 पासून आउटसोर्सिंगचंच काम करतोय, त्यातली अकरा वर्षं पुण्यात. आमच्या घरी टिपर होता, बाबा खाणीवर खनिज मारायचे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभा राहिला, वर त्याचं कर्ज. ते कर्ज माझ्या पुण्याच्या पगारातून फिटलं आणि माझा पगार कुठून यायचा तर इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीकडून. त्यामुळे आउटसोर्सिंगला सरसकट शिव्या घालणं मला जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो, पुढचं त्या हिशेबाने वाचा.

मुळात हे भारताने कुणाच्या हातातून हिसकावून घेतलं असं नाही हो. 1989 ला कोडॅकने आपले कॉम्प्युटर सेंटर आयबीएमला चालवायला दिले, अमेरिकेतल्या अमेरिकेतच, आणि एवढी मोठी कंपनी हे काम बाहेर देऊ शकते हे सगळ्यांनी बघितलं. एकदा बाहेर द्यायचं ठरलं की मग शेजारच्या गावात काय आणि सातासमुद्रापार काय, स्वस्त कुठे तेवढंच बघायचं. आपल्याकडे 1991 ला एसटीपीआय ही सॉफ्टवेअर निर्यातीला मदत करणारी सरकारी संस्था आली, सॅटेलाइट लिंक आणि करसवलत मिळाली, मग वायटूकेची, म्हणजे 2000 साल लागताना कॉम्प्युटर तारखांत गोंधळतील या भीतीची, धावपळ झाली आणि कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं दुरुस्त करायला जी माणसं लागली ती इथून गेली. तेव्हा आत शिरलेला पाय परत निघालाच नाही.

स्वस्त म्हणजे किती ते मला एकदा चुकून कळलं. 2013 मध्ये एका मेलला क्लायंटचं बिल जोडलेलं होतं, त्यात माझ्या नावापुढे तासाला अठरा पौंड. मी कॅल्क्युलेटर काढला, महिन्याचे अडीच लाखांच्या वर, आणि माझ्या हातात पडायचे सत्तावीस हजार. मधले कुठे गेले? ऑफिस, मॅनेजर, प्रोजेक्टविना बेंचवर बसलेली पोरं, नफा, सगळं त्यातच. राग आला होता, पण ट्रकचा हप्ता सव्वीस तारखेला असायचा, राग तेवढाच टिकला.

आता नोकरी जाते कशी ते मी जवळून बघितलंय ते सांगतो. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे त्याच विमा कंपनीचं रात्रीचं बॅच प्रोसेसिंग, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे प्रोग्रॅम सांभाळायचं काम, आलं. तिकडे ते बघणारा एक म्हातारा होता, तीस वर्षं त्याच खुर्चीत. त्याने तीन महिने आम्हाला केटी द्यायची, म्हणजे काम शिकवायचं, आणि मग घरी जायचं, असा करार. म्हणजे जो आपल्या पोटावर येणार त्यालाच शिकवायचं. रोज दुपारी दोनला कॉल. माणूस सभ्य, कधी आवाज चढवला नाही, आधी पुण्यात पाऊस आला का विचारायचा आणि मग स्क्रीन शेअर. त्याच जूनमध्ये त्यांचं ब्रेक्झिटचं मतदान झालं, त्याने कशाला मत दिलं ते सांगितलं नाही, मीपण विचारलं नाही. आमच्याकडे एक भलीमोठी एक्सेल शीट होती, प्रत्येक जॉबला, म्हणजे अशा प्रत्येक प्रोग्रॅमला, एक ओळ, कधी चालतो, फेल झाला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. तो बोलायचा, मी भरायचो. जुलैत साइन-ऑफ झालं, सगळ्या ओळी हिरव्या.

ऑक्टोबरात दिवाळीला घरी आलो. 30 तारीख, रविवार, लक्ष्मीपूजनाचा दिवस. आदल्या पहाटे नरकासुर जाळून झालेला, उरलेले फोव (पोहे) घेऊन मी सकाळी चहाला बसलो होतो, लॅपटॉप शेजारी कारण ऑन-कॉल माझाच. आता इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. रात्रीचे दोन वाजायचे ते परत एक वाजतो, म्हणजे दीड वाजता चालणारा जॉब त्या एका रात्री दोनदा दीड बघतो. आमच्याकडे सकाळी सहाला हप्त्यांची फाइल तयार झाली, सातला परत तीच तयार झाली. दोन्ही वेळा जॉब यशस्वी, म्हणजे अलार्म वाजायचा प्रश्नच नाही, मी फोव खातोय. लोकांच्या खात्यातून विम्याचा हप्ता दोनदा कापला जाणार होता. फाइल बँकेला सोमवारी जायची होती आणि सोमवारी तिकडच्या एका बाईने बेरीज दुप्पट दिसते म्हणून थांबवली, म्हणून वाचलो.

त्यांच्या मॅनेजरने म्हाताऱ्याला घरी फोन केला. तो म्हणाला, मी दर वर्षी त्या शनिवारी झोपायच्या आधी तो जॉब होल्डवर टाकायचो, आणि सकाळी हाताने एकदा सोडायचो. मग केटीत का नाही सांगितलं? तर म्हणे कुणी विचारलंच नाही. खोटं बोलला नव्हता. माझ्या शीटमध्ये रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं असे कॉलम होते, वर्षातून एकदाचा कॉलम नव्हताच.

त्यावरून माझं मत झालं ते आजही तेच आहे. ज्या कामाची शीट भरता येते ते काम जातं. आज माझ्याकडे आलं, उद्या माझ्याकडून जाणार. गेलंच, 2020 ला आम्ही तेच प्रोसेसिंग पोलंडच्या टीमला दिलं, क्लायंटला आपल्या वेळेत जागी असलेली माणसं हवी होती. यावेळी केटी देणारा मी. लाल अक्षरात वर्षातून एकदाची ओळ घातली, म्हटलं पापाचं थोडं तरी क्षालन.

एआयचंही तसंच बघा. पहिल्या पायरीचा सपोर्ट, तिकीट (म्हणजे आलेली तक्रार) वाचून ठरलेलं उत्तर द्यायचं, ठरलेल्या टेस्ट चालवायच्या, हे सगळं शीटमध्ये मावतं आणि नवीन पोरांना हेच काम मिळायचं. खरी काळजी मला तिथे वाटते. फ्रेशरचं पॅकेज मोठ्या कंपन्यांत माझ्या वेळी तीन-सव्वातीन लाख होतं, आजही साडेतीनच्या आसपास घुटमळतंय, भाडं आणि गॅस सिलिंडर मात्र घुटमळले नाहीत. 2025 मध्ये टीसीएसने 2 टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर माणसं कमी करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेने तिकडे कामाला जायच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलर फी लावली. टीव्हीवर त्याचा गाजावाजा जास्त झाला, पण गंमत अशी की व्हिसा महाग झाला की माणूस जात नाही, काम मात्र इकडे यायला मोकळं. परदेशी कंपन्या आता मधला दलाल टाळून इथे स्वतःची सेंटर काढतात, जीसीसी म्हणतात त्यांना, 2024 मध्ये देशात 1,700 च्या वर होती आणि त्यात 19 लाख माणसं. मीही आता अशाच एका सेंटरला आहे. अठरा पौंडातला वाटा जरा बरा मिळतो एवढं खरं.

गोव्याचं म्हणाल तर आयटीची गाडी आपली दोनदा चुकली. 2007 च्या शेवटी आंदोलनानंतर एसईझेड, म्हणजे कंपन्यांना सवलती देणारे खास विभाग, रद्द झाले (बरोबरच झालं, जमिनी कशा वाटल्या होत्या ते आठवा), आणि दोनापावलाचं आयटी हॅबिटॅट, म्हणजे आयटी कंपन्यांसाठीची जागा, तेही विरोधात अडकलं. वेर्णाला थोडं आहे, पर्वरी-पणजीला लहान कंपन्या आहेत, पण कॅम्पसला येणारे बहुतेक पुणे-बेंगलुरूलाच नेतात. कोविडनंतर उलटंच झालं, बेंगलुरूचे लोक लॅपटॉप घेऊन हणजूण-आसगावला आले आणि तिथलं भाडं आमच्या पोरांच्या आवाक्याबाहेर गेलं. हापण आउटसोर्सिंगचाच परिणाम, याच्यावर कुणी पेपरात लिहीत नाही.

तर मुलीला लाइन सोडायला सांगू नका. पहिली तीन-चार वर्षं बाहेर काढू दे, नुसतं तिकीट बंद करण्यात नको, जिथे क्लायंटचा धंदा कळतो तिथे, विमा असो, बँक असो, हॉस्पिटल असो. मुलाखतीत प्रॉडक्ट आहे का सपोर्ट, शिफ्ट कुठली, हे विचारायला लाजू नये. मग घरून काम मागता येतं, मी 2021 ला परत आलो तो असाच. फक्त साखळीत पावसात लाईट जाते हे तुम्हाला मी सांगायला नको, इन्व्हर्टर चांगला घ्या आणि इंटरनेट दोन कंपन्यांचं.