नाक पसरलं म्हणून चावी थांबवली

नौपाड्यातली अकरा वर्षांची मुलगी. वरचा जबडा अरुंद, उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडणाऱ्या, म्हणून टाळूला एक्सपांडर बसवलेला: जबडा हळूहळू रुंद करणारं साधन, त्याच्या मधला स्क्रू घरी चावीने फिरवायचा. तेराव्या दिवशी आईने मोबाइल पुढे केला. "मॅडम, हा आधीचा फोटो, हा कालचा. नाक केवढं पसरलंय बघा ना! सासूबाई रोज बोलतात, चांगलं नाक होतं पोरीचं." मग जरा आवाज उतरवून, "म्हणून चार दिवस चावी फिरवलीच नाही मी."

नाकाचं नंतर, आधी चावीचं. एका फेऱ्याला स्क्रू पाव मिलिमीटर उघडतो. हिला सकाळी एक, रात्री एक असे चौदा दिवसांत अठ्ठावीस फेरे, म्हणजे सात मिलिमीटर सांगितले होते. नऊ दिवसांत अठरा झाले, साडेचार मिलिमीटर, आणि तिथे काम थांबलं. टाळूच्या मधोमध जी शिवण, म्हणजे दोन हाडांमधला सांधा, उघडते तिच्यात नवं हाड भरायला लागतं. थांबा लांबला तर उरलेले फेरे जड जातात आणि दाढांचा उलटा चावा तसाच राहतो. घाबरून स्क्रू मागे फिरवणं तर त्याहून वाईट. ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे दात-जबडा जागेवर आणणाऱ्या डॉक्टरांनी, त्याच दिवशी तपासलं. एक्सपांडर धरून ठेवणारे दाढांभोवतीचे बँड घट्ट होते, पुढच्या दोन दातांमध्ये फट आलेली होती, म्हणजे शिवण नीट उघडली होती. उरलेले दहा फेरे त्या रात्रीपासून सुरू करायला सांगितलं.

आता नाक. "काही फरक पडत नाही हो" असं सांगून आईला घरी पाठवणं सोपं असतं, पण ते खरं नाही. वरच्या जबड्याची दोन हाडंच नाकाचा तळ आणि बाजूच्या भिंती धरून असतात. ती बाजूला सरकली की नाकपुड्यांची बुडं थोडी सरकणारच. पण जबडा उघडतो तो त्रिकोणासारखा: दातांपाशी जास्त, वर नाकाकडे जाताना कमी. त्यावरची त्वचा आणि स्नायू तर हाडाइतकेही सरकत नाहीत. त्यामुळे दातांपाशी सात मिलिमीटर मिळाले तरी नाकपुड्यांच्या बुडाशी साधारण एक-दीड मिलिमीटर वाढ होते. नाकाचा दांडा आणि शेंडा यांत डोळ्याला जाणवेल असा बदल होत नाही. ही वाढ नंतर पूर्ण मागे जाते असं मात्र कुणालाही सांगू नये. या वयात चेहरा एरवीही वाढतच असतो आणि तीही वाढ याच मापात मिसळलेली असते. ज्या मुलांचं नाक मुळातच रुंद आहे, त्यांच्या घरच्यांना हे पहिल्या भेटीतच सांगायला हवं. तेराव्या दिवशी सांगितलं की सारवासारव वाटते.

फोटोंकडे वळलो. पहिला शाळेच्या ओळखपत्रासाठी स्टुडिओत काढलेला, ओठ मिटलेले. दुसरा मुलीने स्वतः काढलेला सेल्फी, हात दुमडून, खळखळून हसताना. हसलं की नाकपुड्या बाजूला ताणल्या जातातच, शिवाय कॅमेरा नाकाला चिकटलेला. सेल्फीवरचा 2018 मधला एक गणिती अभ्यास आहे: 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचं बूड सुमारे 30 टक्के रुंद भासतं, 5 फुटांवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. नव्या फोटोसाठी आईला खोलीच्या दारात उभं केलं, मुलीला खिडकीपाशी. ओठ सैल, डोकं सरळ, झूम नाही. मग कॅलिपरने, म्हणजे रुंदी मोजायच्या चिमट्याने, नाकपुड्यांच्या बुडाशी माप घेतलं. एक्सपांडर बसवण्याआधी 33.1 मिलिमीटर होतं, आता 33.9. एक मिलिमीटरही नाही. आईने कॅलिपरवरचा आकडा दोनदा वाचला.

खरी अडचण वेगळीच निघाली. चावी फिरवताना आई ती तशीच पुढे ओढून काढायची. चावी भोकात घालून घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं भोक पूर्ण दिसेपर्यंत, आणि मागच्या मागेच खाली सोडवून काढायची. पुढे ओढली की स्क्रू थोडा उलटा येतो, भोक अर्धवट दिसतं, दुसऱ्या वेळी चावी जातच नाही. मुलीचं डोकं मांडीवर, मोबाइलचा टॉर्च, चावीला बांधलेला दोरा बोटाला गुंडाळलेला. नाहीतर चावी घशात जायची भीती. फिरवल्यावर पाचेक मिनिटं नाकाच्या मुळाशी, डोळ्यांखाली दाब जाणवतो, तो अपेक्षितच. मात्र आठ-दहा दिवसांत फट दिसली नाही आणि प्रत्येक फेऱ्याला कळ येत असेल, तर पुढचा फेरा न देता फोन करावा.

मुलीच्या टाळूकडे पाहिलं तर स्क्रूखालचं मांस लाल, सुजलेलं, एका कोपऱ्यात पोळीचा कण. सुई नसलेल्या सिरिंजने कोमट मिठाचं पाणी मारलं की तो निघाला. हे रोज रात्री, ब्रश करून झाल्यावर. ओठ मिटत नाहीत अशीही तक्रार होती. रुंदावताना दाढा टोकांवर टेकतात, खालचा जबडा किंचित खाली-मागे जातो आणि ओठांना ताणून मिटावं लागतं. दाढा नीट बसल्या की हे बहुतेक निवळतं.

मुलीला स्वतःला नाकाचं काहीच नव्हतं. तिला फटीचं होतं, डिसेंबरात गॅदरिंग. हिरड्यांमधले धागे दोन्ही दातांना परत एकमेकांकडे ओढतात, फट काही आठवड्यांत बरीचशी आपोआप मिटते. ती फट बोटाने दाबायची किंवा तिथे रबर लावायची गरज नाही. रबर हिरडीत घुसलं तर दातच जाऊ शकतो. फेरे संपल्यावर स्क्रू कुलूपबंद करून सहा महिने तोंडातच राहणार, नाहीतर मिळालेली रुंदी आवळून परत जाते. तोवर खिचडी चालेल, उपमा चालेल.

"आणि चिक्की?"

स्क्रू निघेपर्यंत नाही.