घरावर कर्ज काढण्याआधी

तुम्ही लिहिलंय: वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. दोन औषधं लागू पडली नाहीत. तिसऱ्यासाठी आईवडिलांच्या राहत्या घरावर कर्ज काढायचं, की पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांचं ऐकून घरीच शुश्रूषा करायची? भाऊ म्हणतो, "पैशांसाठी बाबांना वाऱ्यावर सोडायचं का?"

ताई, आधी भावाचं बोलणं घेते. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणं नव्हे. वेदना, धाप, मळमळ, मनातली भीती यांवरचे ते उपचारच आहेत आणि केमोसोबतही चालतात. 2010 साली अमेरिकेत याच आजाराच्या 151 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच ही सेवा मिळालेल्यांना शेवटी जोरकस उपचार कमी दिले गेले, तरी त्यांच्यातले निम्मे 11.6 महिन्यांहून जास्त जगले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात हा आकडा 8.9 होता. बाबांच्या बाबतीत उशीर झालाय, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण ही सेवा घेतली म्हणजे त्यांना सोडलं, हे मनातून काढून टाका.

माझं स्पष्ट मत: कर्ज काढू नका. हप्ते आईच्या माथी येतील, तेही बाबांच्या माघारी.

हातातल्या पैशांतून आधी शुश्रूषेचे बाजूला काढा. वर-खाली होणारी खाट, हवेची गादी, लागला तर ऑक्सिजन, आणि मुख्य म्हणजे रात्रीची नर्स. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आई ते आठवडाभर करेल, नंतर तीच आजारी पडेल. या खर्चात काटकसर करू नका. खाट आणि ऑक्सिजनचं यंत्र मात्र भाड्यानं घ्या. घरच्या शुश्रूषेचा किती खर्च मिळेल, ते विमा कंपनीला लेखी विचारा.

यातून उरलं तरच तिसऱ्या औषधाचा विचार. डॉक्टरांना थेट विचारा: यानं किती आठवडे वाढतील, त्यातले किती हॉस्पिटलात जातील, आणि कितव्या डोसनंतर स्कॅन करून थांबायचं?

तुमच्या पत्रात बाबांना काय हवंय ते कुठेच नाही. ते शुद्धीवर आहेत, बोलतात. आज संध्याकाळी दोघं भावंडं त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. नॉमिनी, मृत्युपत्र, आईचं नाव खात्यावर घालणं, हेही त्यांच्याकडूनच या आठवड्यात करून घ्या.