आरोग्य प्रश्नोत्तरे : जमीन विकण्याआधी

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात राहतो. चार एकर कोरडवाहू शेती असून कापूस आणि तूर घेतो. माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. मागील वर्षी नागपूरला त्यांच्या गालाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले आणि नंतर शेक (रेडिएशन) दिला. दिवाळीनंतर मानेत पुन्हा गाठ आली. तुकडा तपासल्यावर रोग उलटल्याचे कळले आणि स्कॅनमध्ये फुप्फुसातही डाग निघाले. आता ऑपरेशन होणार नाही, किमो देऊन पाहू, असे डॉक्टर म्हणाले. यांना मी ‘गाठीत पू झाला आहे’ एवढेच सांगितले आहे. माझा भाऊ दोन एकर विकून मुंबईला न्या म्हणतो. शेजारचे एक गृहस्थ परराज्यातील वैद्याचे औषध आणून देणार आहेत; महिन्याचे २५ हजार रुपये आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद करण्याची अट आहे. हे रात्री उठून ओट्यावर बसून राहतात. तोंड नीट उघडत नाही, भाकर कुस्करून दिली तरी गिळवत नाही. मोठा मुलगा हे सारे पाहूनही तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडत नाही. मी नेमके काय करावे? – एक भगिनी

उत्तर : ताई, यजमान रात्री उठून ओट्यावर बसतात हे तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला सर्वात आधी त्याविषयीच बोलायचे आहे. मानेतील गाठ नसांवर दाबत असेल तर आडवे झाल्यावर माणसाला झोप लागत नाही, आणि घरच्यांची झोप मोडू नये म्हणून अनेक पुरुष तोंडातून शब्द न काढता रात्र बसून काढतात. किमो कोणती, मुंबई की नागपूर, हे ठरायला काही दिवस लागतील. दुखणे मात्र याच आठवड्यात आटोक्यात आणता येते. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदनाशमनाचा विभाग कुठे आहे ते विचारा आणि तिथे मॉर्फिनच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट बोला. मॉर्फिन दिले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, किंवा रुग्णाला त्याची चटक लागते, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनची अशी चटक सहसा लागत नाही. ते दुखेल तेव्हा न देता घड्याळाप्रमाणे, बहुधा दर चार तासांनी द्यायचे असते. त्याने पोट हमखास धरते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत लिहून घ्या. हे औषध मिळण्यातील कायद्याच्या अडचणी २०१४ च्या दुरुस्तीनंतर कमी झाल्या, तरी ते मान्यताप्राप्त रुग्णालयांतूनच मिळते; त्यामुळे पुढच्या फेरीपर्यंत पुरेल एवढे घेऊनच गावी परता. वेदनाशमनाची ही सेवा उपचार संपल्यावर घ्यायची असते असेही नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना ती सुरुवातीपासून उपचारांसोबत मिळाली, त्यांचे दिवस तर सुखाचे गेलेच, शिवाय ते इतरांपेक्षा काही आठवडे जास्त जगले.

आता उपचारांविषयी. रोग फुप्फुसापर्यंत गेल्यावर तो मुळापासून जाण्याची अपेक्षा नसते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. गाठ आवरणे, त्रास कमी करणे आणि हाती असलेला काळ वाढवणे, यासाठी मात्र करण्यासारखे बरेच आहे. शिरेतून दिली जाणारी किमो हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग कमी मात्रेच्या तोंडी गोळ्यांचा असून अंगात त्राण कमी असलेल्या आणि वारंवार शहरात जाणे न परवडणाऱ्या रुग्णांना तो अनेकदा सोसवतो; गोळी गिळवत नसेल तर ती कशी द्यायची हे डॉक्टर सांगतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने याच गोळ्यांना निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणाऱ्या औषधाची अगदी छोटी मात्रा, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, जोडून पाहिली. डोके आणि मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी शंभरातील सुमारे १६ जण वर्षभरानंतर हयात होते, तर हे इंजेक्शन जोडलेल्यांपैकी सुमारे ४३. नेहमीच्या मात्रेचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा असतो. ही मात्रा तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. तुमच्या यजमानांना ती योग्य आहे का, हे त्यांची फाईल पाहणारे डॉक्टरच सांगतील, पण तुम्ही विचारल्याशिवाय राहू नका. आणखी एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे म्हणून सांगतो. या गोळ्यांपैकी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज दिली गेली तर तोंड सोलते, रक्तपेशी झपाट्याने घटतात आणि रुग्ण दगावू शकतो. तिचा वार पाकिटावर ठळक लिहून ठेवा आणि ते पाकीट इतर गोळ्यांपासून वेगळे ठेवा.

कोणताही उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा की याने गाठ किती आवरेल, किती फेऱ्या होतील, यांच्या अंगावर काय काय येईल, आणि दोन महिन्यांत गुण आला नाही तर पुढे काय करायचे. ही उत्तरे हाती येईपर्यंत जमिनीला हात लावू नका. दोन एकर विकून घेतलेला उपचार रोग बरा करणार नसेल, तर त्याचा भार तुमच्यावर आणि मुलांवर पुढे कितीतरी वर्षे राहील, आणि माझा अनुभव असा की तो भार रुग्णालाही आतून खातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मान्यताप्राप्त रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा आणि सुचवलेले औषध योजनेत बसते का ते विचारा. ते नसतील तर १५५३८८ हा टोल फ्री क्रमांक आहे.

तुमच्या भावाचा हेतू चांगला आहे, पण मुंबईला जाऊन राहणे आणि मुंबईचे मत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचे मत ‘नव्या’ या सेवेमार्फत कागदपत्रे ऑनलाइन पाठवून घेता येते, आणि त्या सल्ल्याप्रमाणे उपचार नागपूर, सावंगी किंवा सेवाग्रामला घेता येतात का ते तिथे विचारता येईल. जावेच लागले, तर रुग्णालयाने भरून दिलेल्या सवलतीच्या अर्जावर कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात भाडे लागत नाही आणि सोबत्यालाही मोठी सूट मिळते. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावचे कर्करुग्ण राहतात.

वैद्याच्या औषधाबद्दल मी एवढेच म्हणेन की जो माणूस चालू गोळ्या बंद करण्याची अट घालतो आणि महिन्याचे २५ हजार मागतो, त्याला दारात उभे करू नका. पुडीत काय आहे हे न कळता ती यकृतावर ताण आणू शकते आणि मग खरा उपचारही थांबवावा लागतो.

यजमानांना रोगाचे खरे सांगायचे की नाही, हे तुम्ही थेट विचारले नाही, पण ते ओझे तुमच्या पत्रात जागोजागी दिसते. ज्यांचे ऑपरेशन झाले, ज्यांनी शेक घेतला, त्या माणसाला मानेतील गाठ पुवाची नाही हे बहुतेक उमगलेले असते. सगळे एकदम सांगू नका आणि खोटेही पुढे वाढवू नका. दुखणे कमी असेल अशा वेळी जवळ बसून ‘तुमाले काय वाटते या दुखण्याचं? डॉक्टरले सारं इचारू का?’ असे विचारा आणि ते बोलेपर्यंत थांबा. कदाचित ते ‘तूच पाहून घे’ म्हणतील. तोही त्यांचा निर्णय आहे. पण किमो घ्यायची की नाही, घरी राहायचे की दवाखान्यात, हे त्यांना न विचारता भावाने, शेजाऱ्याने किंवा मीही ठरवू नये.

खाण्यासाठी नाकातून नळी घालायला डॉक्टरांनी सुचवले तर घाबरू नका, ती शेवटची खूण नव्हे. नुसते वरणाचे पाणी देऊन अंगात बळ येत नाही. दूध, नीट उकडलेले अंडे, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज आणि शेंगदाण्याचे बारीक कूट मिक्सरमधून काढून फडक्याने गाळून द्या. देताना त्यांना टेकून बसवा आणि नंतर नळीतून साधे पाणी सोडा, म्हणजे ती तुंबत नाही. गाठ फुटून जखमेला वास येऊ लागला तर मेट्रोनिडाझोलची पूड जखमेवर लावण्याबद्दल विचारा, बराच फरक पडतो. अशा जखमेतून रक्त येऊ शकते, म्हणून गडद रंगाचे दोन टॉवेल हाताशी असू द्या आणि त्या वेळी काय करायचे, कोणाला फोन करायचा, हे आधीच विचारून ठेवा.

मुलाला वडिलांच्या आजाराचे दाखले देऊन रागावण्याचा उपयोग होणार नाही. पुढच्या फेरीला त्याला सोबत न्या आणि दंत विभागात त्याचे तोंड तपासून घ्या. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, तिखटाने होणारी आग, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काही असेल तर आत्ता थांबल्याने पुढचे बरेच टळू शकते. खर्रा सोडवण्यासाठी समुपदेशन आणि औषधे दोन्ही मिळतात. त्या दिवशी फाईल धरायला आणि गोळ्यांचे वार लिहून घ्यायलाही तोच असू द्या. तुम्हाला एकटीला हे सगळे झेपणारे नाही.