‘आहे त्या स्थितीत’ विकलेली जुनी लेथ: विक्रेता हात झटकू शकतो का?

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे. मशीन मी स्वतः चालवतो, हाताखाली एक हेल्पर आहे. जुन्या मशीन विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून लेथ (धातूचा भाग फिरवून कातणारं मशीन) घेतली. ‘बेड ग्राइंड करून रिकंडिशन केली आहे’ (बेड म्हणजे मशीनचा लांब, सपाट पाया) असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं, चालू मशीनचा व्हिडिओ पाठवला. मी पाहायला गेलो नाही. आता जॉबला टेपर येतो, म्हणजे कातलेला भाग एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होतो; चकजवळ (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) बेड झिजलेला आहे, चकला गार्डही नाही. दोन महिने झाले. तो म्हणतो, बिलावर ‘आहे त्या स्थितीत’ छापलंय. उरलेल्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक त्याच्याकडे आहे. काय करावं?

उत्तर: बिलावरच्या त्या तीन शब्दांनी खचून जाऊ नका. वस्तू विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 62 नुसार गृहीत धरलेल्या अटी (न लिहिताही कायदा करारात धरतो त्या) करार करून वगळता येतात, हे खरं. पण तसं ठरायला हवं सौदा होताना. बिल तुमच्या हातात केव्हा पडलं? आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर, मशीनसोबत आलं असेल, तर ती अट तुम्ही मान्य केली होती हे त्याला दाखवावं लागेल. शिवाय ‘बेड ग्राइंड केला आहे’ हे त्याने लेखी सांगितलेलं वर्णन आहे, आणि कलम 15 प्रमाणे माल वर्णनाशी जुळायलाच हवा. खोटं आहे हे माहीत असून ते लिहिलं असेल, तर करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ती फसवणूक ठरते. फसवणुकीला ‘आहे त्या स्थितीत’चं पांघरूण घालता येत नाही. व्हॉट्सॲपवरचा तो संवाद डिलीट करू नका, फोनही बदलू नका. न्यायालयात तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

‘पाहून का घेतली नाही?’ हा प्रश्न नक्की येईल. तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही, असं वस्तू विक्री अधिनियमाचं कलम 16 सांगतं; मात्र तो नियम तपासणी केलेल्या खरेदीदाराला लागू होतो. रिकाम्या फिरणाऱ्या चकच्या व्हिडिओत बेडची झीज दिसत नाही.

मला खरी काळजी वाटते ती पुराव्याची. टेपर फक्त बेडच्या झिजेमुळे येतो असं नाही. लेव्हलिंग चुकून बेडला पीळ बसला किंवा टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) मध्यावरून सरकलेला असला, तरीही येतो. समोरचा वकील पहिला घाव इथेच घालेल. म्हणून आधी लेव्हल नीट करून घ्या, मग या व्यवहाराशी संबंध नसलेल्या जाणकार फिटरकडून डायल गेज (बारीक फरक मोजणारं उपकरण) लावून बेड तपासा. बहुतेक काम चकजवळ होत असल्यामुळे बेड तिथेच जास्त झिजतो. तिथे सॅडल (बेडवरून सरकणारा, हत्यार धरणारा भाग) घट्ट जुळवली आणि टेलस्टॉककडे नेताना ती आवळली, तर झीज उघड होते. मोजमापांसह सहीचा, तारखेचा अहवाल घ्या. त्याआधी बेडला हात लावू नका. एकदा ग्राइंड करून घेतला की पुरावाच गेला.

मशीन परत करण्याचा आग्रह मी धरणार नाही. वाजवी काळात न नाकारता माल ठेवून घेतला, तर कलम 42 नुसार तो स्वीकारल्यासारखा धरतात, आणि तुम्ही दोन महिने त्यावर काम केलं आहे. नुकसानभरपाई मात्र मागता येते. कलम 59 तर ती रक्कम द्यायच्या किमतीतूनच वजा करण्याची मुभा देतं, आणि तुमची काही रक्कम अजून द्यायची आहे.

पण बँकेत जाऊन गुपचूप चेक थांबवू नका. ‘पेमेंट थांबवा’ सांगितल्याने परत आलेल्या चेकवरही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट या चेकसंबंधीच्या कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. चेकच्या तारखेआधीच वकिलामार्फत नोटीस पाठवा: दोष, फिटरचा अहवाल, किती रक्कम का रोखत आहात, आणि चेक भरू नये ही सूचना. तरीही चेक परत आल्यावर त्याची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून रक्कम द्यायला 15 दिवस हातात असतात. त्याच दिवशी वकील गाठा.

दाद ग्राहक आयोगात मागा. ‘धंद्यासाठी घेतली म्हणजे ग्राहक नाही’ हे तिथे ऐकून घ्यावं लागेल. 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं लेथचंच उदाहरण दिलं होतं: उपजीविकेसाठी स्वतः चालवायला लेथ घेणारा ग्राहकच आहे, आणि मदतीला एकदोन माणसं असली तरी तो ग्राहकच राहतो. त्या खटल्यातला खरेदीदार मात्र ग्राहक ठरला नाही, म्हणून तक्रारीत ‘मी स्वतः मशीन चालवतो, हीच माझी उपजीविका’ हे स्पष्ट लिहा. मुदत 2 वर्षांची आहे. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.

गार्डचं काम मात्र खटल्यासाठी थांबवू नका. फोटो काढून ठेवा आणि लगेच गार्ड व हाताशी येणारं आपत्कालीन बटण बसवा. हेल्परला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी आधी मालक म्हणून तुमच्यावर येईल. गार्ड बसेपर्यंत त्याला त्या मशीनवर उभं करू नका.